सोसायटीतले कुत्रे: लसीचा कागद मागायचा कुणी आणि कसा?

पर्वरीकर_सेक्रेटरी

आमचं कॉम्प्लेक्स पर्वरीत, सुकूर पंचायतीच्या हद्दीत. चार इमारती, कागदावर 'को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग मेंटेनन्स सोसायटी'. सेक्रेटरीपद कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पाळीव कुत्री बरीच आहेत, मांजरं कुणी मोजलेली नाहीत. शिवाय आवारातच वाढलेली काही भटकी, ज्यांना खायला सगळे घालतात आणि जबाबदारी कुणीच घेत नाही.

मे महिन्यात बी विंगमधला एक पाळीव कुत्रा पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोटरीला चावला. बिचारा सायकल भिंतीला लावून पाव मोजून देत होता. मालकाकडे लसीचं पुस्तक मागितलं तर उत्तर आलं, "आहे कुठेतरी, मुंबईच्या फ्लॅटवर राहिलं बहुतेक." पोदेराला इंजेक्शनांचा अख्खा कोर्स घ्यावा लागला.

आता वार्षिक सभा तोंडावर आहे आणि मागण्यांचा पाऊस पडतोय. कुणी म्हणतं कुत्रे पाळायलाच बंदी घाला. कुणी म्हणतं लिफ्टचे महिन्याला वेगळे पैसे घ्या. तिसरा गट म्हणतो, सोसायटीने स्वतःचा परवाना आणि गळ्यात घालायला बिल्ला द्यावा, नसेल त्याला रोजचा दंड. पहिल्या दोन मागण्या रागातून आल्यात हे मलाही कळतं. तिसरीत तथ्य वाटतं, पण परवाना देणारे आम्ही कोण? कुणाच्या सोसायटीत हे नीट मार्गी लागलं असेल तर सांगा.

तांबडी_माती

झालं सुरू. एक चावला की सगळ्यांना सुळावर द्या. माझी लॅब्राडोर लिफ्टमध्ये बसून असते, तिच्यापेक्षा जास्त घाण डिलिव्हरीवाल्यांच्या पिशव्यांतून सांडते. लिफ्टचे पैसे मी देणार नाही, काय करायचं ते करा.

पण लसीचं पुस्तक मागितलंत तर आत्ता फोटो पाठवते. इथेच सगळे घोळ घालतात. भुंकणं, शी, लिफ्ट आणि लस हे सगळं एकाच अजेंड्यावर आलं की सभेत भुंकण्यावर दोन तास जातात आणि लस राहूनच जाते.

म्हादयकाठ

ताई, तुमची लॅब्राडोर गुणी असेलही. माझी नात पाच वर्षांची आहे, तिला लिफ्टचं दार उघडल्यावर समोर काय येईल हे माहीत नसतं. बंदी नको म्हणता, दंड नको म्हणता. मग कमिटीने करायचं तरी काय? की सगळे कायदे कुत्र्यांच्याच बाजूने?

वकीलबाई_म्हापसा

काका, कायदा तुमच्याही बाजूने आहे, तिकडे येते. आधी काय करता येत नाही ते सांगते, म्हणजे सभेत वेळ वाचेल.

बंदी: सर्वानुमते ठराव झाला तरी टिकणार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलंय. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सोसायटीच्या नियमांतली 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत' छापाची कलमं बेकायदा ठरवली. मंडळाची तत्त्वं म्हणजे कायद्याचं कलम नव्हे, हे मान्य. पण वाद कोर्टात गेला की त्यांना वजन असतं आणि कमिटीचे सभासद स्वतःच्या खिशातून वकील लावत बसतात.

लिफ्ट: मनाई नाही, वेगळा आकारही नाही. वेळा वाटून घ्यायच्या तर समजुतीने घ्या. मुसक्याची सक्तीही करता येत नाही. पट्टा मात्र आवारात हवाच, त्याला कुणी शहाणा पाळणारा नाही म्हणत नाही.

सोसायटीचा परवाना आणि दंड: परवाना देणं, म्हणजे नोंदणी, हे काम पालिकेचं नाहीतर पंचायतीचं. दंड लावायला मागे कायदा लागतो. उपविधीत (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत) घालायचा म्हणाल तर दुरुस्ती सहकार निबंधकांकडे नोंदवून घ्यावी लागते, नुसत्या ठरावाने होत नाही. आणि वरच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती निबंधकांनी नोंदवली तरी पुढे तुटते.

आता उरतं काय? पुष्कळ उरतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक, निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे पुरावा मागताना तुम्ही नवा नियम करत नाही, आहे त्याची आठवण देता. नोंदवही ठेवा, प्रत मागा, कोण देत नाही ते पंचायतीला लेखी कळवा. सोसायटीचा हात इथपर्यंत पोचतो आणि इतका पुरतो.

काका, तुमच्यासाठी: भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होईल अशी हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पट्टा न लावता मोकळा सोडलेला, आधी एकदा चावलेला कुत्रा असेल तर हे कलम नीट लागू पडतं. तक्रार ज्याला चावा झाला त्याने केलेली बरी.

नवा_आयडी_२

मध्येच विचारतो, राग मानू नका. गोवा रेबीजमुक्त जाहीर झाला होता ना? मग एवढी लसीची घाई कशाला?

गुरांचा_डॉक्टर

हाच प्रश्न मला दवाखान्यात रोज विचारायचे. आता निवृत्त आहे, सावकाश उत्तर देतो.

'मुक्त' हा पेपरवाल्यांचा शब्द. २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. ते आपोआप झालं नाही. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि पशुसंवर्धन खातं मिळून गावोगाव फिरले. तुम्ही पाहिलं असेल, गाडीतून पोरं उतरतात, दोघे जाळं धरतात, एक इंजेक्शन टोचतो, कपाळावर रंगाचा पट्टा ओढतो आणि जाळं उघडायच्या आधी फोनमधल्या ॲपवर नोंद होते. कुत्रा पळाला तरी रंग दिसतो, म्हणून त्याच दिवशी पुन्हा पकडला जात नाही. असं वर्षानुवर्षं करून कुत्र्यांतला रेबीज खाली आला आणि २०१७ नंतर काही वर्षं माणसाचा एकही बळी गेला नाही.

यामागचा हिशेब सोपा आहे. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस असली की विषाणूला पुढचा कुत्रा सापडत नाही, साखळी तुटते. पण हे ७० टक्के दरवर्षी राखावे लागतात. जुने मरतात, नवी पिल्लं होतात, आणि पत्रादेवी, मोले, पोळे या राज्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर कुणी कुत्र्याचं पुस्तक तपासत नाही. सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून गाडीच्या डिकीत आलेलं पिल्लू हा गोव्यातला नवा, लस न टोचलेला कुत्रा. म्हणून आपल्याकडे लस थांबवणं म्हणजे पाऊस थांबला म्हणून छप्पर उतरवून ठेवणं.

आता सेक्रेटरींसाठी कामाचं. पुस्तक मागाल तेव्हा बघायचं काय? बहुतेक कमिट्या मुखपृष्ठाचा फोटो घेऊन फाइलला लावतात. त्याला अर्थ नाही. आतलं पान बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून तिथे चिकटवलेलं असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत. शेजारी तारीख, पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का, शिक्क्यात पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने 'एआरव्ही' (म्हणजे रेबीजची लस) लिहिलंय आणि स्टिकर नाही, तर त्या डॉक्टरकडून खात्री करून घ्या.

आणि सगळ्यात नेहमीचा घोळ: मालक 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन'चं स्टिकर दाखवतो आणि म्हणतो सगळं झालंय. ती लस पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे दुसऱ्या रोगांची. रेबीजचं इंजेक्शन बहुधा वेगळं असतं. स्टिकरवर रेबीज हा शब्द शोधा. मालक खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटत असतं की सातात तो एक आलाच.

पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगेल तसा बूस्टर, मग दरवर्षी. पहिली टोचली की लगेच संरक्षण आलं असंही नाही, साधारण तीन आठवडे धरा. दुकानातून बाटली आणून घरी टोचणारे महाभाग आहेत. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. जूनमध्ये आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

तांबडी_माती

डॉक्टर, मांजरांचं काय? आमच्या मजल्यावर सगळे 'आमचं मांजर खाली जातच नाही' म्हणतात आणि संध्याकाळी तेच मांजर पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर झोपलेलं असतं.

गुरांचा_डॉक्टर

मांजरालाही रेबीजची लस हवीच. मांजर चावलं की लोक हसण्यावारी नेतात, म्हणून ते जास्त धोक्याचं. नोंदवहीत मांजराचा रकाना ठेवा.

फोंडेकार

आमच्या फोंड्याच्या सोसायटीत हे रुळलंय, त्यामुळे अनुभवाचे बोल. थोडं लांबेल.

आम्हीही आधी बिल्ल्याचाच घाट घातला होता. पितळी बिल्ले, त्यावर सोसायटीचं नाव, नंबर कोरलेला. कमिटीतला एक उत्साही माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नमुनेही घेऊन आला. मग कुणीतरी विचारलं, बिल्ला नसलेला कुत्रा दिसला तर वॉचमन काय करणार? पकडणार? वॉचमनने तिथल्या तिथे सांगितलं, मी गावी जातो. बिल्ले ट्रेझररच्या कपाटात पडून आहेत.

त्यानंतर फक्त एक वही केली. फ्लॅट नंबर, प्राणी, नाव, रंग, नर-मादी, निर्बीजीकरण झालंय का, रेबीजच्या लसीची तारीख, पुढची तारीख, पालिकेच्या नोंदणीचा नंबर. पुढच्या तारखेचा रकाना लाल शाईने. दर महिन्याच्या सुरुवातीला एक बाई (शिक्षिका होत्या, त्यामुळे कुणी सुटत नाही) लाल रकाना बघून फोन लावतात. "अमक्या तारखेला टॉमीची लस आहे हं." एवढंच. नोटीस नाही, दंड नाही. यादी बोर्डावरही लावत नाही. एकदा लावली होती, तिच्यावरून लसीपेक्षा अपमानाची चर्चा जास्त झाली.

दुसरं, शिबिर. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. डॉक्टर सोसायटीतच बोलावतो, आइस बॉक्स त्याचा, टेबल आपलं. त्याच दिवशी आवारातल्या भटक्यांनाही टोचून घेतो. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाळीवांच्या मालकांना 'फक्त आम्हालाच का' असं वाटत असतं, ते तिथे संपतं. आणि खरा धोका दोन्हीकडून सारखाच असतो. भटक्यांना पकडायला रोज खायला घालणारी माणसंच लागतात, त्यांच्याशिवाय हाती लागत नाहीत. तेवढ्यासाठी तरी त्यांच्याशी भांडू नका.

तिसरं, ऐकत नाहीत त्यांचं. असे दोन प्रकार. एक विसराळू, त्यांना फोन पुरतो. दुसरे म्हणजे 'तू कोण विचारणारा'वाले. त्यांना फोन, मग सेक्रेटरीच्या सहीचं पत्र, मग त्याच पत्राची प्रत पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना, पोच घेऊन. भांडायचं नाही, जिन्यात अडवायचं नाही. पोच घेतलेल्या पत्राला आपल्याकडे जी किंमत आहे ती ओरडण्याला नाही.

भाड्याचं_घर

मी भाडेकरू, ताळगावात. एक बाजू सांगते जी सभेत कधी येत नाही, कारण सभेला आम्हाला बोलावतच नाहीत. नोंदणी करायला गेले तर घरमालकाची संमती आणा म्हणाले. घरमालक दुबईला. तो म्हणतो, कुत्र्याचं मला सांगितलं नव्हतंस, लेखी काही देणार नाही. लस सगळी वेळेवर, पुस्तक चोख, पण नोंदणी नाही. उद्या सोसायटीने 'नोंदणी नसलेले' म्हणून यादीत नाव घातलं तर मी बेजबाबदार ठरणार.

फोंडेकार

रास्त आहे. आमच्याकडे हे दोन वेगळे रकाने आहेत ते याचसाठी. लस नसेल तर पाठपुरावा लगेच. नोंदणी नसेल तर कारण लिहून ठेवतो आणि सोसायटीतर्फे 'अमुक व्यक्ती या फ्लॅटमध्ये राहते' असा दाखला देतो. पोलिसांत भाडेकरूच्या पडताळणीचा फॉर्म जातो तेव्हाच प्राण्याची माहिती घेतो, म्हणजे नंतर घरमालकाला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणता येत नाही.

पर्वरीकर_सेक्रेटरी

आमच्याकडे याच्या उलट त्रास आहे. सीझनला येणारे. नोव्हेंबरात हस्की घेऊन येतात, मार्च-एप्रिलात उकाडा वाढला की माणसं परत जातात आणि कुत्रा राहतो. कधी वॉचमनला पैसे देऊन, कधी तेही नाही. मागच्या वर्षी एक असाच गेटपाशी महिनाभर गाड्या हुंगत बसला होता. त्या फ्लॅटवाल्याचा फोन लागेना.

वकीलबाई_म्हापसा

प्राणी सोडून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, कलम ११. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेला. कोकमाचं सरबतही त्यात येत नाही. त्यामुळे कलमावर भिस्त ठेवू नका. भाडेकरारात लिहून घ्या: प्राण्याचं नाव, वर्णन, मायक्रोचिप असल्यास त्याचा पंधरा आकडी नंबर, आणि घर सोडताना प्राणी सोबत नेण्याची हमी, नाहीतर डिपॉझिटमधून त्याचा खर्च वळता. घरमालकाला हे पटतं, कारण प्रश्न पैशाचा असतो.

म्हादयकाठ

भटक्यांना उचलून दुसरीकडे न्यायचा उपाय कुणीच का सुचवत नाही? सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिल्याचं वाचलं होतं.

वकीलबाई_म्हापसा

ऑगस्ट २०२५ चा दिल्लीबाबतचा आदेश म्हणताय. तो काही दिवसांतच, २२ ऑगस्टला बदलला. निर्बीजीकरण आणि लस देऊन कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, रेबीज झालेले किंवा झाल्याचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे सोडून. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बसस्टँड अशा आवारांसाठी वेगळा आदेश आला, तिथून हलवायचे आणि परत आणायचे नाहीत. राहत्या सोसायट्या त्या यादीत नाहीत. सोसायटीसाठी २०२३ चे नियम बघा: खायला घालायची जागा ठरवायची, मुलं खेळतात ती जागा, जिना, येण्याजाण्याची दारं यांपासून लांब. तुमच्या नातीसाठी मागायचं तर हे मागा, काका. हे मिळतं.

नवा_आयडी_२

आणि पिटबुल, रॉटवायलर? त्यांची यादी सोसायटीने केली तर?

वकीलबाई_म्हापसा

करू नका. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींबद्दल पत्रक काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. जिथे केंद्राचं टिकलं नाही तिथे आपल्या सोसायटीची यादी काय टिकणार. जातींवर वेगळा धागा काढा, इथे काढला तर लस पुन्हा मागे पडेल.

गुरांचा_डॉक्टर

अवांतर, पण राहवत नाही. चावल्यावर लोक अजून चुना आणि हळद लावतात. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. पट्टी घट्ट बांधू नका. मग लगेच जवळचं आरोग्य केंद्र. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते विचारा. कुत्र्याला लस आहे म्हणून माणसाने लस टाळायची की नाही हे डॉक्टर ठरवेल, कमिटी नाही. कुत्रा मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असा त्याचा अर्थ. कुत्राच मारून टाकला की हे कळायचा मार्ग बंद.

हे चार ओळींत लिहून लिफ्टमध्ये लावा. लिफ्टच्या पैशांपेक्षा बरं.

पर्वरीकर_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. सभेपुढे ठेवायचा मसुदा असा केलाय, फाडा:

"सोसायटीत पाळीव प्राणी ठेवणाऱ्या सर्व रहिवाशांनी, मालक असोत वा भाडेकरू, प्राण्याच्या रेबीज लसीच्या नोंदीची प्रत कार्यालयात द्यावी. स्टिकर व डॉक्टरांचा शिक्का असलेले पानच ग्राह्य धरले जाईल. पंचायतीकडील नोंदणी असल्यास तिचा क्रमांक द्यावा, नसल्यास कारण कळवावे. लागणारा रहिवासाचा दाखला सोसायटी देईल. आवारात कुत्रा पट्ट्यानेच फिरवावा व त्याची घाण मालकाने उचलावी. प्रत न दिल्यास कारवाई केली जाईल. आवारातील भटक्या कुत्र्यांचे लसीकरण सोसायटीच्या खर्चाने त्याच शिबिरात होईल. खायला घालण्याची जागा मागील कुंपणालगत."

वकीलबाई_म्हापसा

'कारवाई केली जाईल' काढा. कुठली कारवाई, असं पहिलाच माणूस विचारेल आणि सभा तिथेच बसेल. 'पंचायतीस लेखी कळविले जाईल' लिहा. बाकी उत्तम.

म्हादयकाठ

मागच्या कुंपणालगत आमच्या विंगची कचऱ्याची जागा आहे, तिथे घुशी येतात. पंपहाऊसच्या बाजूला करा. बाकी मी सभेत हात वर करीन. बंदीचा ठराव मीच दिला होता, तो मागे घेतो असं नाही, पण मतदानाला टाकू नका.

पर्वरीकर_सेक्रेटरी

दोन्ही बदल केले. पावसाआधीचं शिबिर यंदा हुकलंच, तेव्हा चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी ठेवतोय. त्यानंतर अर्धी इमारत गावी जाते.

फोंडेकार

संध्याकाळी चारनंतर ठेवा. आणि कुत्री आणि मांजरं यांच्या वेळा वेगळ्या, किमान तासाचं अंतर. आम्ही पहिल्या वर्षी एकत्र बोलावली होती, डॉक्टर टेबलावर चढला होता.

तांबडी_माती

मांजरांसाठी माझ्याकडे दोन पिंजरे आहेत, देते. टॉवेल ज्याचा त्याने आणावा, जुना आणि जाड.